सोळाव्या प्रश्नाची खेप

सर, तुमच्या शोकसभेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले नाही. कचेरीतले सगळे एकेक करून बोलले. कुणी तुमच्या अक्षराबद्दल बोललं, कुणी शिस्तीबद्दल. साहेबांनी तर तुम्ही दहा वर्षांत एकदाही उशिरा आला नाहीत हे असं सांगितलं की तुम्ही माणूस होता की रेल्वेची गाडी असा प्रश्न पडावा. मी मान खाली घालून बसून राहिले. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती त्या सभेत सांगता येण्यासारखी नव्हती. जायच्या आठ दिवस आधी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात, काहीतरी सांगायचंय म्हणालात, आणि मी तुम्हाला सांगू दिलं नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. माझ्यापुढे केमकडच्या गावांच्या याद्या पसरलेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "बाई, त्या सोळाव्या प्रश्नाचं जरा बोलायचं होतं." मी वर न बघता म्हणाले, "तो विषय तुम्हीच लाल पेन्सिलीनं संपवलाय, सर. आता कशाला उकरायचा?" तुम्ही "बरंय की" म्हणून आपल्या जागेवर गेलात. माझ्या बोलण्याला धार होती आणि ती मी मुद्दाम लावली होती. तीन वर्षं मनात ठेवलेलं उट्टं काढायची संधी मिळाली होती, आणि ती मी सोडली नाही. नवव्या दिवशी सकाळी कचेरीत निरोप आला.

तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले. ती दुपार काही जात नाही. आणि तुम्ही काय सांगायला आला होता हे न कळताच मला जन्म काढावा लागणार, या विचारानं मी हैराण झाले होते. म्हणून परवा जेऊरला जाऊन आले. त्याचंच तुम्हाला सांगायचंय, पण तुमच्या पद्धतीनं, पहिल्यापासून. तुम्हाला सगळं माहीत असलं तरी ऐकून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मग वरून आपल्याकडे ती प्रश्नावली आली. दुष्काळात माणसांनी काय खाल्लं, किती जनावरं विकली, हे मोजून झालं होतं. आता माणसांवर काय काय ओढवलं ते मोजायचं होतं. सोळा प्रश्न, प्रत्येकापुढे दोन चौकोन. डावा म्हणजे घडलं, उजवा म्हणजे घडलं नाही. अट एकच, ज्याचं त्यानं भरायचं. आपण विचारून लिहायचं नाही, कारण विचारणाऱ्याचं तोंड बघून माणूस उत्तर बदलतो.

प्रश्न कुणा विद्वानानं केलेले होते. 'आपणांस कधी जीवितास धोका उत्पन्न करणाऱ्या प्रसंगास सामोरे जावे लागले आहे काय?' साखर पेठेतल्या एका विणकराकडे आपण पहिला कागद दिला, आठवतं? घरधन्यानं तो दोनदा वाचला, बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि दोघांनी मिळून सोळाच्या सोळा उजव्या चौकोनांत फुल्या मारल्या. वर चहा पाजला. जिना उतरताना तुम्ही म्हणालात, लिहा बाई, या शहरात कुणावर कधी काही ओढवलेलंच नाही. मी हसले, पण तुम्ही हसत नव्हता.

मग चार दिवस बसून तुम्ही सगळे प्रश्न माणसांच्या बोलीत उतरवलेत. जिवावर बेतलं होतं का. दोन दिवस पोटात काही नसताना काढलेत का. डोळ्यांदेखत कुणी गेलं का. शेवटचा सोळावा, तो सगळ्यांत छोटा झाला. 'तुमच्या हातून कुणाचा जीव गेला का.' मला तो फार उघडा वाटला. असं तोंडावर कोण विचारतं, मी म्हटलं. तोंडावर नाही, कागदावर, तुम्ही म्हणालात.

दुसऱ्याला जे भरायला द्यायचं ते आधी स्वतः भरून बघायचं, हा तुमचा नियम. आपण दोघांनी भरलं. मी पाच मिनिटांत उरकलं. तुमचा कागद तपासायला घेतला तर पंधरा उत्तरं नीटनेटकी आणि सोळाव्यापुढचे दोन्ही चौकोन कोरे. "राहिलं खरं," म्हणून तुम्ही कागद परत घेतलात, घडी घातलीत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलात. पुढं तो कागद तुम्ही दिला नाहीत आणि मी मागितला नाही. ज्या माणसाला दुसऱ्याच्या कागदावरचा एक कोरा चौकोन खपत नसे, त्याच्याकडून हे कसं राहिलं, असं मला तेव्हा वाटायला हवं होतं.

जेऊरला उतरून दीड तास चाललं की ती वस्ती. तिथल्या अकरा बायकांनी दुष्काळात पाझर तलावाच्या बांधावर एका टोळीनं काम केलं होतं. लिहिता-वाचता एकीलाही येत नव्हतं. मग ज्याचं त्यानं भरायचं कसं? यावर तुम्ही जी तोड काढलीत तिचं मला आजही कौतुक आहे. अकरा जणींना बांधावर एका रांगेत, दोन-दोन हात अंतर ठेवून बसवलंत, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. प्रत्येकीच्या मांडीवर फळकूट, त्यावर कागद, शेजारी शाईचा पॅड. ओळ चुकू नये म्हणून कागदावर आडवा ज्वारीच्या ताटाचा तुकडा. मी मागे उभी राहून प्रश्न वाचायची, त्या डावीकडे नाहीतर उजवीकडे अंगठा उठवायच्या आणि ताटाचा तुकडा एक घर खाली सरकवायच्या. उत्तरच अंगठ्याचं, त्यामुळे कागद कुणाचा याबद्दल पुढं शंका नको.

परतीच्या गाडीत तुम्ही खुशीत होता. कडक भाकरी मोडून, वर शेंगाची चटणी घालून माझ्या हातावर ठेवलीत. बाईमाणसाला खेड्यावर पाठवू नका असं कचेरीत सगळे म्हणत असताना तुम्ही एकटे म्हणाला होतात की बाईच्या कागदासाठी बाईच लागते. माझी नोकरी त्या एका वाक्यानं टिकली. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. वाटायचं, माहीतच असेल. आता वाटतं, सांगायला काय बिघडलं होतं.

पंचवीस दिवसांनी आपण तेच प्रश्न घेऊन पुन्हा गेलो. तोच माणूस, तेच प्रश्न, उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची. अकरा जणी आपापल्या जागी बसल्या. मी वाचलं, त्यांनी अंगठे उठवले. आणि कचेरीत येऊन दोन्ही वेळचे कागद शेजारी शेजारी मांडले तेव्हा मी ते पुन्हा पहिल्यापासून लावून बघितले.

गौराचं सगळ्या वस्तीला माहीत होतं. तलावाचं खोदकाम चालू असताना तिनं तान्हं पोर खणलेल्या दरडीच्या सावलीत निजवलं होतं आणि दरड खाली आली. पहिल्या खेपेला सोळाव्या प्रश्नावर तिनं डावीकडे अंगठा उठवला होता. दुसऱ्या खेपेला तिचा अंगठा उजवीकडे होता. डावीकडचा होता तिच्या शेजारी बसलेल्या काशीच्या कागदावर. काशीला मूलबाळ नाही. बरं, नुसतं सोळाव्याचं नाही. गौराची सोळाही उत्तरं काशीच्या कागदावर, काशीची तिच्या पलीकडच्या हिराच्या कागदावर, अशी अख्खी रांग एकेक घर पुढं सरकलेली. टोकाच्या चंद्राबाईची उत्तरं फिरून गौराकडे आली होती.

तुम्ही म्हणालात, जागा बदलून बसल्या असतील. मी मागेच उभी होते, जागा बदललेल्या नव्हत्या. तरी तुमच्या समाधानासाठी मी भिंग घेऊन तीन दिवस अंगठे जुळवले. अंगठा ज्याचा त्याचाच होता. उत्तर तेवढं शेजारणीचं.

मी एकटीच वस्तीवर गेले. काशी बाभळीखाली बसली होती. फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली आणि ती पायानं झोका देत होती. बोलता बोलता मी वाकून बघितलं. झोळी रिकामी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं, हळू बोला म्हणून. पलीकडे गौरा शेण थापत होती आणि माझ्याशी अगदी मोकळेपणानं हसली. टोळीची म्होरकी चंद्राबाई. तिला मी विचारलं, हे काय चाललंय? तिला माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं.

"बांधावर माती कशी टाकत हुतो आमी? हातोहात. एक बाई तळापास्नं वरपातुर पाटी नेत न्हाय, मरंल की ती. तसंच हे बी. एकीनं किती दिस वागवायचं? म्हयनाभर हिच्याकडं, म्हयनाभर तिच्याकडं."

मग तिनं रीत सांगितली. घेणारीनं सगळ्यांदेखत, जिचं आहे तिच्यासमोर, ते स्वतःचं म्हणून सांगायचं. असं झालं, मी असं केलं. जिचं आहे तिनं नुसतं ऐकायचं, मधे बोलायचं नाही. सांगून संपलं की ते घेणारीचं. या महिन्याची खेप काशीची, पुढची हिराची. मी म्हटलं, मग गौरा विसरते का? चंद्राबाई म्हणाली, "इसरत न्हाय. पर तिचं नसतंय."

हे सगळं मी तुम्हाला आल्या आल्या सांगितलं. अजून तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आहे. तुम्ही चिडला नाहीत, हसलाही नाहीत. काशी झोळीला झोका देत होती ते दोनदा सांगायला लावलंत. मग लाल पेन्सिल घेऊन बावीसच्या बावीस कागदांवर तुमच्या त्या सुंदर अक्षरात 'भरवशाचे नाही' असं लिहिलंत. मी भांडले. म्हटलं, आपण विचारलं तुमच्यावर काय ओढवलं, त्यांनी सांगितलं आता कुणाकडे आहे, यात खोटं काय? हेच खरं उत्तर आहे, आपला प्रश्नच तोकडा आहे. तुम्ही म्हणालात, "बाई, ज्याच्यावर आलं ते त्याचंच असतंय. दुसऱ्याला देता येत नाही. येत असतं तर," आणि तिथेच थांबलात. पुढचं वाक्य मी ऐकायला हवं होतं. पण मी रागात होते, फायली आपटून बाहेर गेले. त्यानंतर तीन वर्षं आपण चहा बरोबर घेतला, पावसात एका छत्रीतून बसथांब्यापर्यंत गेलो, तुम्ही मला आकडेमोड शिकवलीत, पण त्या अकरा बायकांचं नाव आपल्यात निघालं नाही. निघालं ते त्या दुपारी, तुमच्याकडून, आणि मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

तुम्ही गेल्यावर मी वैनींकडे जाऊन बसले. सरांच्या मनात काही राहिलं होतं का, असं आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "मनातलं कधी बोललेत का ते? महिन्याकाठी एक रविवार अक्कलकोटला शेत बघायला जायचे. येताना बरे असायचे." मग जरा वेळानं म्हणाल्या की त्या शेताचा वाटा तर भावकीत केव्हाच गेला, मला वाटायचं जुन्या घराची ओढ असेल. एक गोष्ट मात्र मी वैनींपासून लपवली. तुम्ही गेलात त्या दिवसापासून कचेरीत तुमच्या टेबलाजवळ वास येत होता. आंबूस, कोंदट, दाणे भिजून बुरसल्यासारखा. डबा राहिला असेल म्हणून मी खण काढून बघितले, शिपायाकडून फरशी धुवून घेतली. बाकी कुणालाच वास येत नव्हता.

शेवटी मी जेऊरची पॅसेंजर धरली. मेलेल्या माणसाच्या मनात राहिलेलं दुसऱ्या कुणाला घेता येतं का, हे विचारायला मला सगळ्या जिल्ह्यात दुसरं ठिकाण माहीत नव्हतं. चंद्राबाई दारातच उभी होती. मी सर गेल्याचं सांगायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, कळलं की आमाला. कुणी सांगितलं, मी विचारलं.

"वास सुटला तवाच कळलं. हिराच्या घरात, माज्या घरात, समद्यांच्या. पेव उघडल्यावर येतोय त्यो. अठरा दिस झालं."

सर, मी उंबऱ्यावरच बसले. जमिनीत पुरलेल्या ज्वारीच्या पेवाचा वास. मी शहरात वाढलेली, मला तो ओळखू आला नाही. आणि तुमच्या जाण्याची तारीख मी तिला अजून सांगितली नव्हती.

हळूहळू सगळ्या जमल्या आणि मला कळलं की तुमचे रविवार कुठं जात होते. लाल पेन्सिल फिरवल्यावर महिन्याभरातच तुम्ही वस्तीवर गेला होता. या बायकांना खोट्यात पाडायला, असं त्यांना आधी वाटलं. पिशवीतून नवा कागद काढलात, पॅड काढलात. तेव्हा गौरानं विचारलं, साहेब, आमचं झालं, तुमचं काय? त्यावर तुम्ही तुमचा जुना घडी घातलेला कागद काढलात, बांधावर गौरा आणि काशी यांच्या मधे मांडी घालून बसलात आणि सोळाव्या प्रश्नावर अंगठा उठवलात. डावीकडे. मग सांगितलंत. काशीनं ते त्याच दिवशी घेतलं.

"अकराच्या बारा झालो आमी," चंद्राबाई म्हणाली.

तीन वर्षं ते या बायकांच्या हातातून फिरत होतं. दर महिन्याला तुम्ही यायचात, रांगेत बसायचात आणि तुमचं बालपण एका नव्या तोंडून ऐकायचात. येताना वाकलेले असायचात, जाताना ताठ. रांग संपली की ते एक महिना तुमच्याकडे परत यायचं, मग पुन्हा काशीकडे. रीत तशीच आहे. या वेळी तो महिना तुमचा होता. तो भरायच्या आत तुम्ही गेलात.

"मालक गेला आन् खेप त्याच्याच डोक्यावर ऱ्हायली," चंद्राबाई सांगत होती, "आसं आमच्यात कदी झालं न्हवतं. त्ये बोलले हुते, औंदा माजी खेप सपायच्या आत बाईंला इचारतो. त्या घेतील म्हणले. तुमाला इचारलं न्हाय त्यांनी?"

मी काय सांगणार होते? तुम्ही विचारायला आला होता म्हणून सांगितलं. मी हाकलून दिलं म्हणून सांगितलं. रडू आवरलं नाही. त्या बायकांपैकी कुणी मला समजावलं नाही आणि दोषही दिला नाही. गौरानं तांब्या पुढं केला. मग चंद्राबाईनं सांगितलं की असं अधांतरी राहिलेलं कुणीतरी लवकर घेतलं नाही तर ते घराघरांतून फिरत राहील, आणि ज्याच्या अंगावर पडेल त्याला ते का आलं हेही कळायचं नाही. वास त्याचाच. मी म्हटलं, मालक ऐकायला नाही, मग रीत पुरी कशी होणार? ती म्हणाली, "त्यांना तुमी म्हणून बोला. समोर हायेत आसं समजून. ऐकतेत."

घेण्याआधी ते काय आहे हे मला कळायला हवं होतं. ज्यांनी ज्यांनी ते वागवलं होतं त्या सगळ्यांना ते सांगता येत होतं. काशी पुढं आली. ती करमाळ्याच्या बाहेर कधी गेलेली नाही, कानडीचा एक शब्द तिला येत नाही. तिनं सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात 'चिक्कप्पा' म्हणाली. धाकट्या चुलत्याला तुमच्या घरात म्हणत असतील तसं, लाडानं, शेवटचं अक्षर लांबवून. मी मधेच विचारलं, काशी, तुला हा शब्द सांगितला कुणी? तिचा आवाज वेगळा झाला नव्हता, डोळेही तिचेच होते. "चुलत्याला चुलताच म्हणते मी," ती म्हणाली. "पर हा माजा चिक्कप्पा."

ती सांगत होती तेव्हा त्या घरात तो वास एवढा दाटला की दोघी जणी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. ती थांबली आणि मला विचारलं, घेताव का? मी लगेच हो म्हणाले असं खोटं तुमच्यापुढं कशाला लिहू. मला भीती वाटली, सर. मी प्रश्न वाचणारी बाई. रांगेच्या मागं उभं राहायची सवय झालेली. जे माझ्यावर आलं नाही ते माझं म्हणून कसं सांगायचं, हा तुमचाच आक्षेप माझ्या तोंडाशी आला. आणि मग लक्षात आलं की ज्यानं तो घेतला होता तोच माणूस पॅड पिशवीत घालून इथं आला होता, आणि शेवटी माझ्या टेबलाशी आला होता. लाल पेन्सिलीनं तुम्ही आपल्या भांडणाचा निकाल दिलात, आणि मग तीन वर्षं मला न सांगता माझ्या बाजूनं उभे राहिलात. थोडं हसूही आलं. मला एवढं कळवायला काय झालं होतं तुम्हाला? पण मी कुठं कळू दिलं.

मी घेते म्हणाले. चंद्राबाईनं बजावलं, आता पुढं कधी 'सरांचं होतं' असं म्हणायचं नाही. परत येताना गाडीत माझे दोन्ही तळवे चुरचुरत होते. दिव्याखाली धरून बघितले तर काथ्याच्या दोरानं सोलावेत तसे लाल. कचेरीत आले तर तुमच्या टेबलाजवळचा वास गेलेला. आता तो माझ्या घरी आहे. सांगून झालं की जाईल म्हणतात.

तेव्हा ऐका, सर. तुम्ही नुसतं ऐकायचं, मधे बोलायचं नाही.

मी नऊ वर्षांची होते. आमच्या अंगणात पेव होतं, दोन पुरुष खोल, वरती एक माणूस उतरेल एवढंच तोंड. ज्वारी भरून दगडानं आणि मातीनं लिंपलेलं. पेव उघडलं की आत विषारी हवा असते, म्हणून आधी दोराला बांधून कंदील सोडायचा. तळाशी जाऊन कंदील जळत राहिला तर माणसानं उतरायचं. विझला तर उद्या. त्या दिवशी वडील गावी नव्हते. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती आणि मला घेऊन जायला गाडी जुंपून तयार होती. ज्वारीचं एक पोतं काढून बरोबर घ्यायचं आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. चिक्कप्पा रिकामं पोतं झटकत पलीकडे उभा होता. मला खांद्यावर घेऊन यात्रेतला पाळणा दाखवणार होता. दोर माझ्या हातात दिला होता. मी पालथी पडून आत बघत कंदील सोडला. तळाला टेकायच्या आधीच ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि गेली. आत काळोख. मी काही बोलले नाही. उद्यापर्यंत थांबायचं म्हणजे यात्रा गेली, एवढंच माझ्या मनात होतं. चिक्कप्पानं धोतर खोचलं, पेवाच्या तोंडाशी आला आणि विचारलं, "जळतोय का गं?"

मी म्हणाले, जळतोय.